डाऊन पेमेंट कमी पडतंय म्हणून ० टक्केवालं कार्ड वापरणं: हुशारी की आगाऊपणा?

पायरी_चुकलेला
मंडळी, डोक्यात एक विषय घोळतोय, शिव्या घालायच्या तर घाला पण आधी पूर्ण वाचा. घराची किंमत १०० धरा. बँक म्हणते २० तुमचे आणा, ८० आम्ही देतो. माझ्याकडे १६ आहेत. उरलेले ४ जमवायला वर्ष तरी लागेल आणि तोवर हे घर माझ्यासाठी कुणी राखून ठेवणार नाही. १६ वरही कर्ज मिळतंय, पण मग व्याजदर वरच्या स्लॅबचा आणि वर कर्जाचा विमा गळ्यात, म्हणजे मी कर्ज बुडवलं तर बँकेला भरपाई देणारा. अशात परवा कार्डवाल्यांची मेल आली, १२ महिने ० टक्के, रक्कम थेट तुमच्या खात्यात, फी एकदाच ३ टक्के. म्हणजे ४ वर फक्त ०.१२. आता मला सांगा, वीस वर्षं वरचा दर भरत बसण्यापेक्षा एकदा ०.१२ देऊन मोकळं होणं यात चूक काय आहे? मला तरी दिसत नाहीये, म्हणून विचारतोय.

कोरडा_हिशेब
चूक पहिल्याच आकड्यात आहे. ३ टक्के फी म्हणजे ३ टक्के व्याज नव्हे. तुम्ही ४ घेणार आणि दुसऱ्या महिन्यापासून फेडायला लागणार ना? मग ते पूर्ण ४ तुमच्याकडे वर्षभर राहतच नाहीत, सरासरी काढली तर जेमतेम साडेसहा महिने राहतात. फी मात्र पूर्ण ४ वर आणि तीही पहिल्याच दिवशी कापलेली. समान हप्त्यांत फेडलं तर खरा वार्षिक दर साडेपाचच्या आसपास जातो. हीच फी ५ टक्के असती तर नऊच्या वर गेला असता. "० टक्के" हे फक्त पाकिटावर छापायला असतं.

पायरी_चुकलेला
मान्य, पण साडेपाच धरले तरी ते एकाच वर्षापुरते. विमा आणि वरचा दर कितीतरी वर्षं. माझं गणित तरीही बसतंय.

निशाचर
मी धागाकर्त्याच्या बाजूने. लोक क्रेडिट कार्ड म्हटलं की साप बघितल्यासारखे मागे सरकतात. अहो पैसा हा पैसा आहे, स्वस्त मिळतोय तिथून घ्यायचा आणि महागडा फेडायचा. इंग्लंडात तर यावर एक अख्खी जमात पोसली गेली होती, स्टूझिंग म्हणायचे त्याला. ० टक्क्यावर कार्डाचे पैसे उचलायचे आणि बचत खात्यात नाहीतर गृहकर्जाला जोडलेल्या ऑफसेट खात्यात टाकायचे, म्हणजे तेवढ्या रकमेवरचं कर्जाचं व्याज थांबतं, आणि मुदत संपायच्या आत कार्ड कोरं करायचं. शिस्त असेल तर यात बँकच तुम्हाला पैसे देते.

माजी_टेबलवाला
निशाचर, तुमच्या त्या जमातीतल्या ऑफसेटवाल्यांकडे घर आधीच होतं, ऑफसेट खातं कर्ज झाल्यावरच मिळतं. इथे प्रश्न कर्ज मिळायच्या आधीचा आहे आणि तिथे गोष्ट वेगळी आहे.

मी गृहकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत म्हणून आतलं सांगतो. तुमचे दोनतीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट आले की आम्ही आधी शिल्लक बघत नाही, जमेच्या बाजूवरून बोट खाली नेतो. पगार, पगार, कुणीतरी दिलेली किरकोळ रक्कम, पगार, आणि मग मध्येच एक गोल आकडा. बोट तिथे थांबतं. पेन्सिलीने गोल करायचा आणि फाईलवर चिठ्ठी, "स्रोत?" तुम्ही म्हणाल कार्डाचे. झालं, ते तुमचे पैसे नाहीत, उसने आहेत, आणि डाऊन पेमेंटचा अर्थच मुळी तुमची स्वतःची रक्कम असा असतो. बहुतेक ठिकाणी बिनतारणी उसनवारी त्यात धरतच नाहीत. म्हणजे तुमचे २० झालेच नाहीत, १६ च राहिले, वर डोक्यावर नवीन देणं.

दुसरं, त्या ४ चा दरमहाचा किमान भरणा आम्ही तुमच्या पगारातून वजा धरतो आणि उरलेल्यावर हप्ता किती झेपेल ते काढतो. म्हणजे १६ च्या जागी २० करायला गेलात आणि तिकडे ८० च्या जागी ७६ च मंजूर झाले, असंही होतं. हसू नका, बघितलंय.

पायरी_चुकलेला
आणि पैसे तीन महिने आधीच खात्यात आणून ठेवले तर? स्टेटमेंटमध्ये ती एन्ट्री येणारच नाही.

माजी_टेबलवाला
हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. एन्ट्री नाही आली तरी क्रेडिट रिपोर्टवर कार्डाची थकबाकी दिसतेच, लिमिटच्या किती टक्के वापरलंय तेही. ३० टक्क्यांच्या वर गेलं की स्कोअरला झळ बसायला लागते, तुम्ही तर कार्ड काठोकाठ भरणार. आणि फॉर्मवर सरळ प्रश्न असतो, यातला काही भाग उसना आहे का. तिथे "नाही" लिहून सही केलीत तर तो आगाऊपणा राहत नाही, फसवणूक होते. कर्ज नाकारणं ही त्यातली सगळ्यात सौम्य शिक्षा.

खिडकीतली_मनी
मी डाऊन पेमेंटला नाही वापरलं तरी अडकले होते, ऐका. कर्ज मंजूर झालेलं, पत्र हातात, पैसे सुटायला नऊ दिवस बाकी. मला वाटलं झालं आता सगळं, तर एका दुकानात फ्रिज, वॉशिंग मशीन आणि कपाट असं एकदम घेतलं, दुकानाच्याच नव्या कार्डावर, पहिले सहा महिने बिनव्याजी. घरी येऊन मापाची टेप घेऊन कपाट कुठल्या भिंतीला बसेल ते कागदावर काढत होते तेवढ्यात बँकेचा फोन. "मॅडम, तुमच्या नावावर एक नवीन खातं दिसतंय, ते काय आहे?" पैसे सोडायच्या आदल्या आठवड्यात ते रिपोर्ट परत काढतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कपाटाची ऑर्डर रद्द करून, कार्ड बंद केल्याचं पत्र घेऊन, फाईल परत वर पाठवायला अकरा दिवस गेले. विकणारे काका भले म्हणून थांबले. नाहीतर बयाणा गेला असता आणि एक टोलेजंग कपाट घेऊन मी भाड्याच्या घरात बसले असते.

निशाचर
मनीताई, तुमचं चुकलं ते टायमिंग, कार्ड नाही. मी पण तेच केलं फक्त किल्ली हातात आल्यावर केलं. हातातली रोकड डाऊन पेमेंटला आणि अडीअडचणीला ठेवली, रंग, वायरिंग, नळ बदलणं हे सगळं ० टक्केवाल्या कार्डावर. ऑफर १२ महिन्यांची, मी रक्कम १० ने भागली आणि ऑटो पे लावला. दोन महिने आधीच खातं शून्य. एक दमडी व्याज नाही.

लांबचा_काका
अरे बाबा तुला जमलं म्हणून सगळ्यांना जमेल का. या ऑफरांच्या तळाशी बारीक अक्षरात काय असतं ते वाचलंस का कधी? एका प्रकारात मुदत संपली की उरलेल्या रकमेवर पुढचं व्याज लागतं, तो त्यातल्या त्यात बरा. दुसऱ्या प्रकारात, दुकानाच्या कार्डांवर हा जास्त, व्याज माफ नसतं, नुसतं बाजूला लिहून ठेवलेलं असतं. शेवटच्या तारखेला थोडीशी जरी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासून साचलेलं सगळं व्याज एका झटक्यात अंगावर. आणि हप्ता एकदा चुकला तर ऑफरच रद्द करायची मुभा त्यांच्याकडे असू शकते. आणखी एक, बहुतेकांना माहीतच नसतं, त्याच कार्डावर रोजची खरेदी चालू ठेवलीस तर तिला एरवी मिळणारी बिनव्याजी मुदत बऱ्याचदा मिळत नाही, कारण जुनी बाकी उभी आहे. म्हणजे घराचे पैसे ० टक्क्यावर आणि किराणा खऱ्या दराने!

एटीएममधून काढले तर तोही वेगळा मामला. खरेदीवरची ० टक्के ऑफर रोख उचलीला सहसा नसते, तिथे पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

निशाचर
काका, वाचलंय म्हणूनच १० ने भागलं ना. न वाचणाऱ्याने कार्डच काय, कर्जही घेऊ नये.

रिकामा_खिसा
सगळे फी आणि नियमांवर बोलताय, मला एक साधी गोष्ट कळत नाहीये. धागाकर्ता स्वतःच म्हणतो की ४ जमवायला त्याला एक वर्ष लागेल. आज. कर्जाचा हप्ता नसताना. मग तेच ४, अधिक ०.१२, एका वर्षात फेडणार कसा, जेव्हा पहिल्या महिन्यापासून ८० चा हप्ताही चालू होईल? जमवायला वर्ष लागतं आणि फेडायला पण वर्षच लागतं, मग मधला हप्ता कोण भरणार?

कोरडा_हिशेब
हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मी टक्क्यांत अडकलो.

पायरी_चुकलेला
रिकामा खिसा, भाडं वाचेल ना, ते हप्त्यात जाईल.

रिकामा_खिसा
भाडं आणि हप्ता सारखे आहेत का? आणि राहायला जाईपर्यंत दोन्ही किती महिने चालतील? मग सामान हलवणं, नोंदणी, सोसायटीची देणी, पहिल्या पावसात गळणारी खिडकी. ही यादी तुमच्या १०० मध्ये आहे की १०० च्या बाहेर?

पायरी_चुकलेला
भाड्यापेक्षा हप्ता बराच जास्त आहे. आणि यादी बाहेर आहे. पण मग करायचं काय, घर सोडून द्यायचं? तुमच्यातल्या निम्म्यांची घरं झालीत म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतं.

माजी_टेबलवाला
सोडा असं मी म्हणालो नाही. बँकेत जाऊन १६ वर काय दर पडतो ते लेखी घ्या, विम्याचा दरमहा आकडा घ्या आणि तो विमा कधी काढता येतो ते विचारा, काही ठिकाणी मुद्दल एका पातळीखाली आलं की अर्ज करून काढता येतो. तुम्ही वीस वर्षांचं गणित करताय, कदाचित विमा चारपाच वर्षांचाच असेल. घरच्यांकडून मदत मिळत असेल तर परत न करण्याची भेट म्हणून तसं पत्र चालतं का तेही विचारा. आणि विकणाऱ्याशी एकदा बोलून बघा, तारीख तीनचार महिने पुढे सरकली तर तुमचे १६ चे १७ होतात, स्लॅब बदलला नाही तरी हाताशी काहीतरी राहतं.

निशाचर
मी माझं म्हणणं मागे घेत नाही, कार्ड वाईट नसतंच. पण डाऊन पेमेंटसाठी नाही, एवढं टेबलवाल्या साहेबांचं मानतो.

पायरी_चुकलेला
आज बँकेत जाऊन आलो. टेबलवाले म्हणाले तसंच निघालं, उसने पैसे धरणार नाहीत म्हणाले, शब्द पण तेच. विम्याचा आकडा मला वाटत होता त्याच्या निम्म्याहून कमी निघाला, हे आधी विचारलं असतं तर धागाच काढला नसता. विकणाऱ्यांना फोन केलाय, सोमवारी सांगतो म्हणाले. कार्डाची मेल अजून डिलीट केलेली नाही, खोटं कशाला बोलू.

खिडकीतली_मनी
ऑफर कधीपर्यंत आहे?

पायरी_चुकलेला
रविवारपर्यंत. खाली लाल अक्षरात "शेवटची संधी" लिहिलंय.

लांबचा_काका
मला गेली सहा वर्षं दर महिन्याला शेवटची संधी येते.