वाईनच्या कुबड्या नकोत, लिनक्सवर लिनक्सचंच सॉफ्टवेअर वापरा

रानवारा: विंडोज १० चा मोफत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाकायची म्हटलं की हमखास प्रश्न येतो, "फोटोशॉप वाईनमध्ये चालेल का?" वाईन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी सोय. माझं मत स्पष्ट आहे: त्या वाटेला जाऊच नका. एखादं अपडेट आलं की कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज बंद पडू शकतो, आणि कंपनीकडे दाद मागायची सोय नाही. त्यापेक्षा लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारख्या कामाला), क्रिता आणि इंकस्केप (चित्रांना), केडीएनलाइव्ह (व्हिडिओला) आधी विंडोजवरच वापरायला लागा. सगळी तिथेही चालतात. हात बसला की मग सिस्टीम बदला. दोन्ही एकदम बदललंत तर नेमकं कुठे अडतंय तेच कळणार नाही.

पानोपानी: अजिबात पटलं नाही. तुम्ही एकट्याने काम करणाऱ्याचा विचार करताय. माझ्याकडे फायली दुसऱ्यांकडून येतात. वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की ओळी सरकतात, तक्ता अर्धा पुढच्या पानावर जातो. एक्सेलमधले व्हीबीए मॅक्रो, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, काही चालतात, काही नाही. गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रामच्या ३.० आवृत्तीत फिल्टर नंतरही बदलता येतात, हे चांगलंच झालं. पण थेट सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) काम होत नाही, मग छपाईचं काय?

रानवारा: ओळी बऱ्याचदा फॉन्टमुळे सरकतात. मशीनवर वर्डमधला कॅलिब्री फॉन्ट नसेल तर कार्लिटो हा फॉन्ट टाका. त्यातल्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळ जागच्या जागी तुटते. कॅम्ब्रियाऐवजी कॅलाडिया. सीएमवायके क्रितात आहे, पानाच्या मांडणीला स्क्रायबस आहे. सगळं गिंपनेच करावं हा हट्ट कशाला? मॅक्रो मात्र नव्याने लिहावे लागतात.

पानोपानी: "लिहावे लागतात" म्हणून उरकू नका. ते लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेलेला असतो आणि हिशेब त्यावरच चालू असतात. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये विंडोजवर परतायचं ठरवलं. तिथेही बाहेरच्यांशी फायलींची देवाणघेवाण हे दुखणं होतंच.

उंबरठा: म्युनिकमध्ये राजकारणही होतं, सगळा दोष सॉफ्टवेअरवर टाकू नका. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी लिब्रेऑफिस ठरवलं. आधी ऑफिस, विंडोज नंतर. रानवारा म्हणतात तोच क्रम.

पानोपानी: क्रम मान्य, कार्लिटोही टाकून बघते. पण मॅक्रोवाल्या फायलींसाठी विंडोजचं एक मशीन राहणारच. तेही काढा म्हणाल तर माझा विरोध कायम आहे.