दीड वर्षाचं लेकरू, दोन कुत्रे अन् व्हॅन, चिखलदरा-लोणार जमेल का?

दारव्हाकर_ताई
नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याजवळ खेड्यात राहतो. माझ्या दिराने टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन मागच्या सीटा काढल्या अन् गादी, ओटा, गॅस सगळं बसवून घेतलं, आरसीवर नोंद पण करून घेतली. डिसेंबरात कापसाची वेचणी निपटली की निघायचं म्हणतोय, अमरावतीवरून परतवाडा, चिखलदरा, मग अकोटवरून शेगाव, लोणार अन् घरी. सोबत दीड वर्षाचा मुलगा आणि दोन कुत्रे, एक लॅब एक गावठी. मागे ठेवायला कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर ते दोघं नसले की पोरगं जेवतच नाही. रात्री व्हॅनमध्ये चौघं मोठे झोपले की कुत्र्यांना जागा उरत नाही, म्हणून बाहेर चाकाला बांधायचे असं ठरतंय. लेकरू अन् कुत्रे घेऊन कोणी असं फिरलंय का?

परतवाड्याचा_भाऊ
ताई या ना बिनधास्त, पण कुत्रे बाहेर बांधायचं डोक्यातून काढून टाका. चिखलदऱ्याच्या चारी बाजूनं मेळघाटचं जंगल हाय अन् बिबट्याले बांधलेल्या कुत्र्याएवढी सोपी शिकार दुसरी नाय. आमच्या इकडं तो गावात येते तो कुत्र्यासाठीच येते, अन् साखळीत असलेलं जनावर पळणार कुठं? त्यात बाजूच्या व्हॅनमध्ये लेकरू झोपलेलं, दार उघडबंद चालू राहते. जागा नसन तर माणसं कमी करा नाहीतर दोघाजणांसाठी खाली खोली घ्या, पण कुत्रे आतच. दिवसाही पॉइंटवर साखळी सोडू नका, माकडं दिसली की लॅब दरीकडं धावते.
माझं ऐकाल तर मुक्काम परतवाड्यालेच करा. सकाळी उजेडात घाट चढा, दिवसभर फिरा, अंधार पडायच्या आत खाली. वर 1100 मीटर उंची हाय, डिसेंबरात रात्री हाडं गोठते, लेकराले कशाले त्रास.

व्हेट_अमरावती
वरच्या भाऊंशी शंभर टक्के सहमत. अजून एक, व्याघ्र प्रकल्पाच्या गेटमधून कुत्रे आत नेता येत नाहीत, गाडीत बसवून सुद्धा नाही, त्यामुळे सफारी करायची तर कुत्र्यांपाशी कोणीतरी मागे थांबायचं हे आधीच धरून चाला. यामागे कारण आहे, कुत्र्यांचा डिस्टेंपर जंगलातल्या प्राण्यांना लागतो, 2018 मध्ये गीरचे सिंह मेले त्यात हा व्हायरस सापडला होता. म्हणून डिस्टेंपर, पार्व्हो आणि रेबीजची लस झालीये का कार्डावर बघा, राहिली असेल तर निघायच्या निदान दोनतीन आठवडे आधी द्या, आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही. गोचिडांचं औषधही घाला कारण लेकरू त्याच गादीवर लोळणार.
रस्त्यात ढाब्यावरची कुत्री तुमच्या कुत्र्यांवर धावून येतात आणि मधे लेकरू सापडतं, तेव्हा खाली उतरताना आधी बाळ कडेवर, मग कुत्रे. बाळाला कुठल्याही कुत्र्याचा दात लागला, अगदी खरचटलं तरी, 15 मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना काही लावू नका.

गॅरेजवाला_अकोट
गॅसवर कोणी बोललंच नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, लीक झाला तर खाली फरशीवर साचतो, आणि फरशीवर कोण झोपतं, कुत्रे अन् लेकरू. फरशीच्या लेव्हलला बाहेर जाणारं भोक आहे का बघा, नसेल तर पाडून जाळी मारून घ्या, सिलेंडर झोपताना रेग्युलेटरला बंद. आणि थंडी वाजते म्हणून व्हॅनमध्ये कोळशाची शेगडी अजिबात पेटवायची नाही, काचा लावून झोपलेली माणसं त्याच्या गॅसने झोपेतच जातात, वास पण येत नाही. चालत्या गाडीत लेकरू कार सीटमध्ये, कुत्रे मागे हार्नेसने अडकवून. मोकळा लॅब जोराचा ब्रेक लागला की सरळ लेकरावर येऊन आदळतो.

दारव्हाकर_ताई
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. बिबट्याचं वाचून सासूबाईंनी लगेच सांगितलं, त्या शेगावला भक्तनिवासात थांबतील अन् आम्हाला तिथेच भेटतील, म्हणजे कुत्र्यांना आत जागा झाली. परतवाड्याजवळ एका ओळखीच्यांची संत्र्याची बाग आहे, तिथे व्हॅन लावली तर चालेल ना?

परतवाड्याचा_भाऊ
चालते, झकास जागा. फक्त मालकाले आधी विचारा की डुकरांसाठी तारेत करंट सोडते का. बाजूच्या शेतवाल्याचंही विचारा, कारण तार त्याच्या धुऱ्यावर असते अन् कुत्रं वास घेत तिथंच जाते. फवारणी कधी झाली, औषधाचे ड्रम कुठं ठेवले, हेही पहा, त्यातलं पाणी कुत्रे पितेत. तुम्ही यवतमाळ जिल्ह्याचे, 2017 मधे फवारणीनं किती शेतकरी अन् मजूर गेले हे तुम्हाले सांगायची गरज नाय. लेकराले बागेत खाली सोडायचं तर हे सगळं उजेडी पाहून मगच.
अन् लोणारले सरोवर अभयारण्य हाय, कुत्रे घेऊन खाली उतरायचं नाय. एकजण वर व्हॅनपाशी थांबन, बाकीचे पाहून येतीन, मग अदलाबदल.

दारव्हाकर_ताई
मालकांना आताच फोन केला, तार आहे म्हणाले, आम्ही असू तोवर आमची बंद ठेवतो अन् शेजाऱ्यालाही सांगतो. लसीचं कार्ड काढलं, गावठीची डिस्टेंपरची राहिलीये, सोमवारी नेतो.