छोट्या संगणकावर लिनक्स बसवताना घड्याळाची चिप लावावी की नाही?

मूळ लेखन
रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर, आणि तशाच इतर अनेक छोट्या संगणकांवर, वीज गेल्यावरही चालत राहणारे घड्याळ, म्हणजे आरटीसी, नसते. त्यामुळे नव्याने बसवलेले लिनक्स सुरू होताना कधी १ जानेवारी १९७० ही तारीख दाखवते, तर कधी कार्डावर उतरवलेली इमेज (लिनक्सची तयार प्रत) ज्या सुमारास तयार झाली ती. मग सुरक्षा प्रमाणपत्रे ‘अद्याप वैध नाहीत’ म्हणून नाकारली जातात, सॉफ्टवेअर बसवणारे एपीटी हे साधन पॅकेजांची यादी स्वीकारत नाही आणि नवखा माणूस दोष नेटवर्कमध्ये शोधत राहतो. फेक-एचडब्ल्यूक्लॉक हे सॉफ्टवेअर शेवटची वेळ फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच मोजणी सुरू करते. पण आठ दिवस बंद असलेले यंत्र त्याने आठ दिवस मागेच राहते. म्हणून डीएस३२३१ ही सेलवर चालत राहणारी घड्याळाची चिप लावल्याशिवाय बसवणी पूर्ण झाली असे मी मानत नाही.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. यंत्र कायम नेटवर्कवर असेल तर सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) टाइमसिंक सेवा बहुधा काही सेकंदांत नेटवर्कवरून वेळ जुळवते, आणि ज्या सेवांना अचूक वेळ लागते त्यांना तोवर थांबवून ठेवण्याची सोयही सिस्टमडीतच आहे. उलट चिप लावली की सेल आला, आणि सेल संपल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय ही चिप बसवलेल्या अनेक स्वस्त मॉड्यूलांवर सेलच्या चार्जिंगचा मार्ग असतो; त्यांत सीआर२०३२ हा चार्ज न होणारा सेल घालणे धोक्याचे आहे.

मूळ लेखकाचे उत्तर
सेलचा मुद्दा रास्त आहे. हा धोका प्रामुख्याने ५ व्होल्टवर आहे, मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालवावे आणि चार्जिंगच्या मार्गातला डायोड किंवा रोध काढूनच टाकावा. मात्र नेटवर्कवरचा भरवसा मला पटत नाही. डीएनएससेकची, म्हणजे नावावरून मिळालेला पत्ता खरा आहे का हे डिजिटल सह्यांवरून तपासण्याची, पडताळणी चालू असेल, तर वेळ देणाऱ्या सर्व्हरच्या नावावरील सह्यांची मुदत यंत्राच्या चुकीच्याच तारखेशी ताडली जाते. नाव सापडत नाही म्हणून वेळ मिळत नाही, आणि वेळ नाही म्हणून नाव सापडत नाही. नेटवर्क नसलेल्या जागी तापमानाच्या नोंदी घेणाऱ्या यंत्राचे तर सगळे आकडेच निरुपयोगी ठरतात. डीएस३२३१ तापमानानुसार स्वतःला सावरते आणि ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये तिची चूक वर्षाकाठी साधारण १ मिनिटाच्या आत राहते.

प्रतिसाद २
दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट निसटली आहे. काही बोर्डांच्या मुख्य चिपमध्ये स्वतःचे आरटीसी असते, पण त्याला सेल जोडलेला नसतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला ‘आरटीसी०’ आणि आपण लावलेल्या चिपला ‘आरटीसी१’ म्हणते. सुरू होताना वेळ मात्र सहसा ‘आरटीसी०’कडूनच घेतली जाते. चिप अचूक असूनही तारीख चुकीची, असे कोडे पडते ते इथे. उपाय डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या भागांचे वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलमध्ये, आहे: बाहेरच्या चिपला ‘आरटीसी०’ हे उपनाव द्यावे किंवा आतले घड्याळ बंद करावे. घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळच ठेवावी.

प्रतिसाद १ चे उत्तर
नेटवर्काविना चालणाऱ्या यंत्राला चिप हवी, हे मला मान्य आहे. घरातल्या राउटरशेजारी अहोरात्र चालू असणाऱ्या यंत्राला ती सक्तीची का असावी, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. डीएनएससेकची अडचण तिथे सर्व्हरचा आयपी पत्ता थेट लिहूनही सुटते.

मूळ लेखकाचे उत्तर
तो पत्ता उद्या बदलला तर यंत्र गुपचूप मागे पडेल, म्हणून माझा आग्रह कायम आहे. प्रतिसाद २ मधली अडचण मात्र मी तपासलीच नव्हती. आज नेटवर्कची केबल काढून यंत्र दोन तास बंद ठेवतो आणि दोन्ही घड्याळे वेगवेगळी वाचून पाहतो.