जिवंत अंड्यात पेशी फुटताना पायच्या हायेत, कोणता मायक्रोस्कोप, कोणता प्राणी? सांगा जी

बोडीकाठचा:
नमस्कार मंडळी. मी साकोलीकडचा, एमएस्सी झूलॉजी, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टले विषय घेतला जिवंत गर्भातलं पेशीविभाजन आणि आता घेऊन फसलो असं वाटून रायलं. कॉलेजात एक आरशाचा मायक्रोस्कोप हाये, दुसरा बल्बवाला, त्याचा बल्ब मागच्या दिवाळीपासून गेलेला. परवा बोडीतून (म्हणजे गावचं लहान तळं) शिंगाड्याच्या पानाखाली चिकटलेली गोगलगायीची अंडी आणली, ते जेलीसारखं लांबट असते ना तेच. एक तुकडा काचेवर ठेवला, आरसा उन्हाकडं फिरवला, मोबाईल आयपीसवर धरला. दोनाच्या चार पेशी झालेल्या दिसल्या बाप्पा, खरंच दिसल्या! मंग चहा पिऊन आलो तं चारच, संध्याकाळपर्यंत बी चारच, थेंब कडेनं आटलेला आणि पेशी करड्या पडलेल्या. सर म्हणतात कुठं कॉन्फोकल, म्हणजे लेझरवाला महागडा मायक्रोस्कोप, भेटते का पाय. खिशात चार-पाच हजार हायेत. काय करू?

संत्राबाग:
भाऊ, ते अंडं तूच भाजलं. थेट ऊन आरशानं एका टिपक्यावर टाकलं तं काय वाचणार हाये ते. आणि हे फक्त आपल्या गरिबाचं दुखणं नाही, लेझरवाल्या मोठ्या लॅबचंही हेच रडगाणं असते. कॉन्फोकलमध्ये तू एका वेळी एकच थर पायतो पण लेझर पडते अंड्याच्या अख्ख्या जाडीवर, बाकीच्या थरांचा उजेड नंतर बारीक छिद्रानं अडवून फेकून देतात, म्हणजे फोटोत न येणारा थरही दर वेळी होरपळते. त्यावर लाइट-शीट नावाचा मायक्रोस्कोप आला, २००४ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या ईएमबीएल या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेवाल्यांनी दाखवला. आपल्या घरी दुपारी दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी आत येते आणि त्या पट्टीतलीच धूळ दिसते, बाकी अंधार, तसंच ते. उजेडाचा पातळ पडदा बाजूनं अंड्यात घालायचा आणि काटकोनातून पायचं, जो थर पायतो तेवढ्याच थरावर उजेड. २००८ ले अशाच मशीनवर झेब्राफिशच्या गर्भाची पयल्या २४ तासातली केंद्रकं एकेक करून मागं लागून मोजली होती.

पण तुले ते घ्याचं नाही ना बे. तू मायक्रोस्कोप नको बदलू, प्राणी बदल. झेब्राफिश घे. मूळचा आपल्याच देशातला मासा, नागपूर-अमरावतीच्या फिशटँकवाल्याकडं झेब्रा डॅनियो म्हणून स्वस्तात भेटते. नर-मादी रात्री मधात जाळी टाकून वेगळे ठेव, तळाशी कंचे (काचेच्या गोट्या) अंथर, नाहीतं आपलीच अंडी खाऊन टाकतात साले. सकाळी उजेड झाला की जाळी काढ. अंडं ०.७ मिलिमीटरचं, काचेसारखं पारदर्शक, ४ एक्सच्या लेन्सखाली मस्त दिसते. साडेअठ्ठावीस डिग्रीला पयलं विभाजन पाऊण तासात, मंग दर पंधरा मिनिटाला दुप्पट. आरशापुढं पांढरं पातळ फडकं बांध, आणि पाहून झालं की आरसा फिरवून ठेव.

आणि गोगलगायी हातानं धरल्या असतील तं साबणानं हात धू. बोडीतल्या काही जाती गुराच्या लिव्हर फ्लूकले, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंताले, पोटात वाढवतात.

जुनी_लॅबवाली:
संत्राबाग भाऊंचं बरोबर आहे, फक्त एक अडचण सांगते. माशात पेशी दुप्पट होताना दिसतील पण गुणसूत्रं किंवा तर्कू (विभाजनात गुणसूत्रं ओढणारे धागे, स्पिंडल) आरशाच्या मायक्रोस्कोपवर दिसणार नाहीत, त्यामुळं प्रोजेक्टच्या नावात काय लिहायचं ते सरांशी आत्ताच बोलून घे. तर्कूच पाहायचा असेल तर सूत्रकृमी, सी. एलेगन्स. अंडं जेमतेम ५० मायक्रॉन, नोमार्स्की लेन्सखाली (पारदर्शक गोष्टी उठावदार दाखवणारी लेन्स) केंद्रकं रंग न देता दिसतात. जीवशास्त्रज्ञ सल्स्टन आणि सोबत्यांनी अशाच लेन्सखाली डोळ्यानं पाहून, हातानं रेखाटून गर्भातल्या पेशींची अख्खी वंशावळ काढली, १९८३ ला छापली. ६७१ पेशी तयार होतात, त्यातल्या ११३ आपोआप मरतात. ना लेझर ना चमकणारं प्रोटीन. (मी हे वाचलं तेव्हा आमच्या लॅबच्या महागड्या मशीनकडं दोन दिवस रागानं पाहत होते.) पण हे कृमी पंचवीस डिग्रीच्या वर टिकत नाहीत नीट, आपल्याकडं एप्रिलमध्ये एसीशिवाय विसरा. हिवाळ्यात सडक्या संत्र्यात मोकळे सूत्रकृमी सापडतात, नेमका हाच असेल असं नाही.

खरं मशीन वापरायचंच असेल तर आय-स्टेम पोर्टलवर बघ, सरकारी पोर्टल आहे, बाहेरच्यांना कुठल्या संस्थेत कोणतं उपकरण तासाच्या दरानं मिळतं ते तिथं कळतं. पण आधी आपलं अंडं जगवायला शीक, मगच स्लॉट घे. आमच्याकडं एक मुलगा थर्माकोलच्या डब्यात गर्भ घेऊन रात्रभर रेल्वेनं आला होता, उतरला तेव्हा एकही जिवंत नव्हता, स्लॉटचे पैसे गेले ते गेलेच. आणि कॉम्प्युटर असेल तर सेल ट्रॅकिंग चॅलेंजच्या साइटवर (पेशींचा माग काढणाऱ्या सॉफ्टवेअरची स्पर्धा) सी. एलेगन्सच्या गर्भाचे फ्लोरेसन्स टाइम-लॅप्स व्हिडिओ फुकट आहेत, ते बघायचं फिजी सॉफ्टवेअरही फुकट. फाइल जड असते, गावच्या नेटवर नको, कॉलेजातून उतरव.

बोडीकाठचा:
अपडेट देतो. आठ मासे आणले, तीन मेले, आमचं पाणी नळाचं, क्लोरीनचं ध्यानातच नव्हतं. मंग पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरलं. आज सकाळी सहाला कंच्याखाली अकरा अंडी! फडकं बांधून पायलं, दोन, चार, आठ, सोळा, अगदी घड्याळ लावल्यासारखं, आईले बी दाखवलं तं ती म्हणे साबुदाणा फुगल्यासारखा दिसते. पण बत्तीस नंतर माही मोजणी चुकून रायली, तीनदा मोजलं तं तीन आकडे.

जुनी_लॅबवाली:
चुकणारच. बत्तीसपर्यंत पेशी एकाच थरात बसतात, चौसष्टला काही खाली दबून जातात, वरून दिसतच नाहीत. त्या मोजायला थर वेगळे करणारं मशीन लागतं.

बोडीकाठचा:
म्हणजे माही नजर खराब नाही ना जी. मंग बत्तीसपर्यंतच लिहितो, आणि पुढं काऊन थांबलो ते बी लिहितो. उद्या बल्ब भेटते का पायतो, ढगाळ हाये.