मदत हवी आहे: फाटकापासून पडवीपर्यंतच्या उतारावर काय घालावे?

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी फाटकापासून पडवीपर्यंत सुमारे ४० फूट लांबीचा उतार असून, त्यावरून रोज एक मोटार आणि दोन दुचाकी जातात. सध्या तेथे जांभ्याचे चिरे आहेत. ते दिसतात सुरेख, परंतु पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते आणि गेल्या श्रावणात वडिलांचा पाय त्यावरूनच घसरला.

गवंडी काँक्रीट ओतून, ते ओले असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढण्याचा सल्ला देतात. मला मात्र पेव्हर ब्लॉक बरे वाटतात, कारण त्यांच्या सांध्यांतून थोडे तरी पाणी मुरते आणि एखादा ब्लॉक खचल्यास तेवढाच काढून पुन्हा बसवता येतो. भीती एवढीच की, आमच्याकडच्या मुसळधार पावसात खालची वाळू वाहून जाऊन चाकांच्या वाटेवर खड्डे पडतील. (शहाबादी फरशीचा विचार मोटारीच्या वजनामुळे सोडून दिला आहे.)

कोकणात उतारावर ब्लॉक बसवलेल्यांनी कृपया सांगावे: जाडी ६० मिलिमीटर पुरते, की ८० घ्यावी? खाली खडीचा थर किती दिला, आणि कडेला काँक्रीटची पट्टी घातली का? चिरेच ठेवून शेवाळ आटोक्यात आणण्याचा कोणाचा अनुभव असल्यास तोही अवश्य कळवावा.