संतापलेली, 'नावडती' नायिका: नेमका शब्द कोणता?

एका कादंबरीचा परिचय लिहिते आहे. गोष्ट काळीकुट्ट. नायिका आतून पेटलेली, खोटारडी, माणसं वापरून टाकून देणारी, आणि शेवटपर्यंत सुधारत नाही. तिला 'नावडती नायिका' म्हटलं तर चालेल? तिच्या रागासाठीही शब्द हवाय. कजाग, आक्रस्ताळी, त्राटिका... सगळ्यांत टिंगलच दिसते.

— 'नावडती' नकोच. लोककथेतली नावडती राणी कुणीतरी दूर लोटलेली असते, तिचं मीठ अळणी ठरवलेलं असतं. त्यामुळे ऐकणारा पहिल्यापासून तिच्या बाजूला. तुमच्या नायिकेला ती दया फुकटात मिळायला नको. 'खलनायिका'ही चुकेल, कारण गोष्ट तिचीच आहे. सरळ 'न आवडणारी नायिका' लिहा.

— त्राटिकेबद्दल थोडं. रामायणातली ताटका मुळात यक्षकन्या. अगस्त्यांमुळे नवरा सुंद मेला म्हणून ती त्यांच्यावर धावून गेली, तेव्हा शापाने राक्षसी झाली. मराठीत तिचा अवतार उरला, धावून जाण्याचं कारण गळालं. बाकीचे शब्दही पाहा: फणकारा, तणतण, थयथयाट, आदळआपट. कानाला काय ऐकू आलं ते सांगतात, ती कशाने चिडली ते नाही. 'त्रागा' जरा वेगळा. चारण-भाट स्वतःला इजा करून घेत, म्हणजे पाप समोरच्याच्या माथी; तोच त्रागा. ज्याच्या हातात दुसरं काही नाही त्याचं हत्यार. नायिका स्वतःचीच नासाडी करून दुसऱ्यांना छळत असेल, तर 'त्रागा' खुशाल वापरा. एरवी मी 'संताप' घेईन. त्यात ताप आहे आणि पुरुषाच्या रागालाही तोच शब्द लागतो.

— नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांत रागावणाऱ्या दोन: खंडिता आणि कलहांतरिता. पहिली प्रियकराच्या प्रतारणेमुळे रागावते, दुसरी भांडून पस्तावते. दोघींचाही राग त्याच्याभोवतीच फिरतो. ज्या बाईचा राग सगळ्या जगावर आहे तिला त्या आठांत जागा नाही. (गंमत म्हणजे 'कादंबरी' हा शब्दच बाणभट्टाच्या नायिकेच्या नावावरून आलाय.)

— 'डूख' कुणालाच सुचला नाही? राग चढतो आणि उतरतो. डूख धरला जातो, नागासारखा, वर्षानुवर्षं. वरून हसून बोलणारी बाई डूख धरून असू शकते. थयथयाट करणारीला ते जमत नाही. अशा काळ्या कादंबऱ्यांत मला बहुधा हाच भेटतो.

— 'डूख' पहिल्या निम्म्या भागाला चपखल बसतो, तिथे ती गोडच वागते. मग सगळं फुटतं, तिथे 'संताप'. वाक्य असं केलंय: "धरलेला डूख आणि उसळलेला संताप यांच्यामध्ये जगणारी, न आवडणारी नायिका." 'न आवडणारी' अजून जरा लांबट वाटतंय, पण राहू दे.

— 'जगणारी, न आवडणारी' असं लागोपाठ खटकतं. 'जगणारी' काढा.