डीबीपी खाणारे जिवाणू शोधतोय, पण निर्जंतुक कंट्रोलमधूनही डीबीपी गायब होतंय

गाळवाला_नाशिक:
नासर्डी नदीच्या गाळातून डायब्युटाइल थॅलेट (डीबीपी, प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन) खाणारे जिवाणू वेगळे करायचे आहेत. 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 100 मिली क्षारमाध्यम (नुसते क्षार, कार्बनचा खाऊ नाही), 1 ग्रॅम गाळ, लिटरला 100 मिलिग्रॅम या हिशेबाने डीबीपी (0.1 मिली इथेनॉलमध्ये विरघळवून), 30 अंश, 150 आरपीएम. पाचव्या दिवशी माध्यम चांगलं गढूळ. रोज त्याच फ्लास्कमधला 1 मिली काढून एचपीएलसीवर (द्रावातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लावला, तर डीबीपी 80 टक्के कमी. पण ऑटोक्लेव्ह केलेल्या कंट्रोलमध्येही 60 टक्के कमी! शिवाय डीबीपी न घातलेल्या ब्लँकमध्ये आलेखात त्याच जागी छोटा उंचवटा (पीक) येतो. चुकतंय कुठे? आणि गाळाऐवजी मल्चिंग पेपर अंथरलेल्या शेतातली माती घेतली तर?

क्षारमाध्यम:
आधी गढूळपणा. तुमचं इथेनॉल लिटरला 1 मिली पडतं, म्हणजे जवळपास 790 मिलिग्रॅम. डीबीपीच्या आठपट खाऊ तुम्ही स्वतःच घातलाय. जिवाणू त्याच्यावरच वाढलेत. डीबीपी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवा, रिकाम्या निर्जंतुक फ्लास्कमध्ये टाका, हूडमध्ये अ‍ॅसिटोन पूर्ण उडू द्या आणि मगच माध्यम ओता. डीबीपीचा उत्कलनबिंदू 340 अंशांच्या आसपास आहे, ते उडत नाही.

आता कंट्रोल. डीबीपी पाण्यात लिटरला जेमतेम 10 मिलिग्रॅम विरघळतं. उरलेलं तेलासारखं थेंबांत वेगळं राहतं, काचेला आणि गाळाला चिकटतं. मधूनच काढलेल्या 1 मिलीत ते येणारच नाही, फ्लास्क जिवंत असो की मेलेला. म्हणून एका वाचनासाठी एक अख्खा फ्लास्क खर्ची घाला: 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये 20 मिली माध्यम, दिवस 0, 1, 3, 5, 7, दर वेळी तीन जिवंत आणि तीन निर्जंतुक. एकूण 30 फ्लास्क. काम वाढतं, पण याला पर्याय नाही. त्याच फ्लास्कमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू 2 करा, 20 मिली इथाइल अ‍ॅसिटेटने दोनदा भिंती धुऊन काढा, निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळा, सुकवा आणि मिथेनॉलमध्ये घ्या. आम्ल विसरलात तर मोनोब्युटाइल थॅलेट आणि थॅलिक आम्ल (डीबीपी तुटून होणारे पदार्थ) पाण्यातच राहतात आणि सगळं पचलं असा भास होतो.

गाळातले बीजाणू एका ऑटोक्लेव्हला दाद देत नाहीत. लागोपाठ तीन दिवस करा, आणि डीबीपी त्यानंतरच घाला.

काच_आणि_फॉइल:
ब्लँकमधला पीक बहुधा तुमच्या प्रयोगशाळेचाच आहे. व्हिनाइलचे हातमोजे, पीव्हीसीची नळी, प्लास्टिकच्या टिपा, पॅराफिल्म, बाटलीच्या झाकणाचं अस्तर, सगळीकडून थॅलेट येतं. नायट्राइलचे हातमोजे, काचेचे पिपेट आणि टेफ्लॉन अस्तराची झाकणं वापरा. काच मफल भट्टीत 400 अंशांवर चार तास भाजा. मोजमापाचे फ्लास्क मात्र भाजू नका, ते अ‍ॅसिटोन आणि हेक्झेनने खळबळा. कापसाच्या बोळ्यावर भाजलेलं फॉइल. प्रत्येक तुकडीत नुसत्या द्रावकाचाही ब्लँक लावा. जीसी-एमएस (रेणूंचे तुकडे वजनावरून ओळखणारं यंत्र) मिळालं तर 149 चा आयन पाहा, बहुतेक थॅलेटची ती खूण आहे.

मल्चिंग पेपर सोडा. तो पॉलिथिनचा असतो, त्याला प्लास्टिसायझर लागत नाही. शेततळ्याचा कागदही तसाच. थॅलेट भरपूर असतं ते मऊ पीव्हीसीत: वायरींचं आवरण, लवचिक नळ्या. वजनाच्या 30-40 टक्केसुद्धा असू शकतं, आणि प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळीला रासायनिक बंधाने जोडलेलं नसल्यामुळे झिरपत राहतं. वायरी सोलतात त्या भंगाराच्या जागेची वरची 10 सेंटिमीटर माती किंवा मलनिस्सारण केंद्राचा गाळ घ्या. स्टीलचा खुरपा, काचेची बरणी.

गाळवाला_नाशिक:
इथेनॉलचा हिशेब डोक्यातच आला नव्हता, आभारी आहे. शुद्ध वसाहत मिळाल्यावर ती खरंच डीबीपी पूर्ण पचवते, हे सामू उतरण्यावरून ठरवता येईल?

क्षारमाध्यम:
नाही. लिटरला 5.8 ग्रॅम डायपोटॅशियम आणि 4.5 ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट असेल तर बफर (सामू स्थिर ठेवणारं मिश्रण) 66 मिलिमोलर झाला. 100 मिलिग्रॅम डीबीपी म्हणजे 0.36 मिलिमोल, त्याचं सगळं थॅलिक आम्ल झालं तरी (सुमारे 60 मिलिग्रॅम) सामू हलणार नाही.

खूप जिवाणू फक्त एस्टरचे बंध तोडतात, ब्युटानॉल खातात आणि थॅलिक आम्ल तसंच सोडतात. म्हणून प्रत्येक वसाहत तीन ठिकाणी लावा: डीबीपी, ब्युटानॉल, आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट. हे शेवटचं रसायनशास्त्राच्या कपाटात असतंच. त्यावर वाढली तरच ती थॅलिक आम्लाचं कडं (कार्बन अणूंचं वलय) फोडते. हवेशीर वाटेने थॅलिक आम्लाचं प्रोटोकॅटेच्युइक आम्ल होतं आणि मग कडं उघडतं. एकटीला जमत नसेल तर जोडी लावून पाहा. गॉर्डोनिया एस्टर तोडते आणि आर्थ्रोबॅक्टर थॅलिक आम्ल संपवतो, अशा जोड्या नोंदलेल्या आहेत.

अगरच्या प्लेटवर वाढवताना कार्बन न घातलेली एक प्लेट हवीच. अगरमधल्या अशुद्धीवरही बारीक वसाहती उगवतात.

काच_आणि_फॉइल:
डीईएचपीकडे (दुसरं एक थॅलेट) आत्ताच वळू नका. ते पाण्यात मायक्रोग्रॅममध्येच विरघळतं, आणि विरघळवायला ट्वीन-80 (साबणासारखा पदार्थ) घातलं तर काही जिवाणू ट्वीनच खातात. तेव्हा फक्त ट्वीन घातलेला कंट्रोलही लागेल. आणि उरलेलं डीबीपी बेसिनमध्ये ओतू नका, द्रावकाच्या कचऱ्याच्या बाटलीत जमा करा. ते प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत आहे.